जमीन कुणाची आणि जमीन कशाची

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला आज बरीच मंडळी आहेत, आणि ती माझ्यापेक्षा रंगवून सांगतील. मी मात्र आपल्या मागच्या कुंपणभिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटविषयी बोलणार आहे. तिथं प्राथमिक शाळेचं आरक्षण आहे. शाळा लवकर व्हावी ही आपली सगळ्यांचीच मागणी आहे, माझीही आहे. आपली नातवंडं रस्ता न ओलांडता शाळेत जातील, याहून चांगलं काय? पण शाळा उभी राहण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो विचारण्याचा अधिकार आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे. का, ते शेवटी सांगतो.

मी आयुष्यभर बँकेत काम केलं. जमिनीवर कर्ज द्यायचं म्हटलं की आम्ही वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागायचो. सातबारा, फेरफार, एनए, मोजणीचा नकाशा, मंजूर प्लॅन, सगळं तपासायचं. या सगळ्या कागदांतून एकच गोष्ट कळते, जमीन कुणाची आहे. जमीन कशाची आहे, हे त्यातला एकही कागद सांगत नाही. खाली कातळ आहे की मुरूम, काळी माती आहे की भराव, वरच्या उतारावरून काय घसरून येऊ शकतं, जवळून पाणी कुठून वाहतं, यासाठी वेगळी तपासणी लागते. घराला ती लागतेच, पण शाळेला जास्त लागते. घरात पाच माणसं असतात. शाळेत एका छताखाली चार-पाचशे मुलं असतात, आणि आपण ती सक्तीनं तिथं पाठवतो.

ही गोष्ट अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याला १९३३ साली कळली. त्या वर्षी १० मार्चला संध्याकाळी सहाच्या सुमारास लाँग बीच शहरात भूकंप झाला. सुमारे ७० शाळा पार कोसळल्या आणि १२० शाळांचं मोठं नुकसान झालं. शाळा सुटलेल्या होत्या म्हणून मुलं वाचली. तीन-चार तास आधी तो धक्का बसला असता तर काय झालं असतं, या विचारानं लोक हादरले. एका महिन्यात, १० एप्रिलला, कायदा झाला. मांडणाऱ्या आमदाराच्या नावावरून त्याला फील्ड कायदा म्हणतात. सरकारी शाळेचा आराखडा राज्याच्या तज्ज्ञांनी तपासल्याशिवाय आणि बांधकामावर देखरेख असल्याशिवाय शाळा बांधायची नाही, असं त्यानं ठरवलं.

पण भिंती मजबूत करून भागत नाही, हेही पुढे लक्षात आलं. खालची जमीनच फाटली किंवा खचली तर मजबूत भिंत काय करणार? १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर तिथं सक्रिय प्रस्तरभंगांचे, म्हणजे जमिनीतल्या हलत्या भेगांचे, नकाशे करण्याचा कायदा झाला. आज तिथं शाळेसाठी जागा घेण्याआधीच त्या जागेची चौकशी करावी लागते. धोक्याच्या पट्ट्यात असेल तर भूशास्त्रज्ञाचा अहवाल लागतो, आणि तो राज्याच्या भूशास्त्र खात्याकडून तपासला जातो. क्रम लक्षात घ्या मंडळी. आधी जमिनीची तपासणी, मग खरेदी, मग नकाशा. आपल्याकडे बहुतेक वेळा हा क्रम उलटा असतो.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कुठे एवढे भूकंप होतात? असंच मराठवाड्यातही वाटत होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा सुधारला, पहिला पट्टाच काढून टाकला आणि लातूरचा तो भाग तिसऱ्यात गेला. पहाट होती म्हणून शाळा रिकाम्या होत्या. ८ ऑक्टोबर २००५ रोजी पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये सकाळी नऊच्या आत भूकंप झाला, तेव्हा मुलं वर्गात होती. हजारो मुलं शाळांच्या ढिगाऱ्याखाली गेली. वेळेच्या भरवशावर मुलं ठेवता येत नाहीत.

आणि धोका भूकंपाचाच असतो असं नाही, आपल्या कुंपणाच्या आतच असतो असंही नाही. ब्रिटनमध्ये वेल्स प्रांतात आबरफॅन नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. गावावरच्या डोंगरउतारावर कोळसाखाणीतल्या टाकाऊ मालाचे ढीग रचले होते. सातवा ढीग १९५८ पासून टाकायला लागले, तो पाण्याच्या झऱ्यांवर. ते झरे नकाशावर दाखवलेले होते. शाळेच्या मागे असा चिखल टाकणं धोक्याचं आहे, असं पत्र तिथल्या नगरपालिकेच्या अभियंत्यानं १९६३ सालीच लिहिलं होतं. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊला, मुलं नुकतीच वर्गात बसली असताना, तो ढीग पाण्यानं सुटला आणि खाली शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. शाळेच्या इमारतीत दोष नव्हता. दोष वरच्या उतारावर होता आणि तो माहीत असलेली माणसं होती. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ ला डोंगर आला, तेव्हा उतार आणि पाऊस एकत्र आले की काय होतं ते आपण पाहिलंच.

आता तपासणी म्हणजे नक्की काय करतात? फार अवघड नाही. जमिनीत बोअर घेतात, पण पाण्यासाठी नव्हे, माती बघण्यासाठी. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. ठोके कमी लागले तर जमीन पोकळ, जास्त लागले तर घट्ट. कातळ लागला की त्याचा गाभा काढून पेटीत लावून ठेवतात. काळी माती असेल तर ती पाण्यात किती फुगते ते प्रयोगशाळेत बघतात. आपल्या पुढच्या कुंपणभिंतीला दर उन्हाळ्यात पडणारी तडा आठवा. ती काळ्या मातीचीच करामत. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं बांधकाम हलवते.

बोअर कुठे घेतले, यावर सगळं अवलंबून असतं. आपल्या भारतीय मानकात सुमारे एक एकराच्या जागेसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, असे पाच बोअर सुचवलेले आहेत. पैसे वाचवायला दोनच घेतले आणि दोन्ही सोयीच्या कोपऱ्यात घेतले, तर अहवाल छान येईल आणि चुकीचा असेल.

आता आपला प्लॉट. इथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, आपण राहायला आलो तेव्हा तिथं दगडाची जुनी खाण होती. पावसाळ्यात तिचं तळं व्हायचं आणि पोरांना तिकडे जाऊ देऊ नका म्हणून आपण नोटीस लावली होती. नंतर सात-आठ वर्षं रात्री ट्रक येऊन राडारोडा, डबर, कचरा टाकत राहिले. आज वर गवत आहे, मुलं क्रिकेट खेळतात. नव्यानं आलेल्या माणसाला ते सपाट मैदान वाटतं. पण टेकडीकडच्या अर्ध्या भागात दीड-दोन मीटरवर कातळ असावा आणि आपल्या बाजूच्या अर्ध्या भागात सगळा भराव. इमारतीचा एक पाय कातळावर आणि एक भरावावर पडला, तर एक बाजू बसते, दुसरी बसत नाही, आणि इमारत मधून तडकते. शिवाय भरावात मोठा धोंडा लागला तर बोअरवाल्याला तोच कातळ वाटू शकतो. म्हणून धोंडा लागल्यावरही आणखी खाली जाऊन खात्री करावी लागते. यावर उपाय आहेत. भराव काढून थराथरानं मुरूम दाबून भरता येतो, पाइल घालून पाया खालच्या कातळापर्यंत नेता येतो, किंवा इमारत कातळाच्या बाजूला सरकवून भरावावर मैदान ठेवता येतं. पण आधी कळायला हवं.

सुरुवातीला मी अधिकार म्हणालो तो हाच. खाण कुठून कुठपर्यंत होती, हे सातबाऱ्यावर शोधून सापडेलच असं नाही. ते आपल्या डोक्यात आहे, आणि आपली डोकी आता सत्तरी-पंचाहत्तरीची आहेत. माझी विनंती एवढीच. जुन्या सभासदांनी एका रविवारी बसून खाणीची कड, तळ्याची जागा, नाल्याचा जुना प्रवाह एका नकाशावर काढावा. कुणाच्या अल्बममध्ये गच्चीवरून काढलेले फोटो असतील तर तेही जोडावेत. सोसायटीच्या लेटरहेडवर ते महापालिकेकडे द्यावं, पोच घ्यावी आणि शाळेचा माती-तपासणी अहवाल बघायला मागावा. हा शाळेला विरोध नाही. कुणी तसं म्हणालं तर त्यांना सांगा, शाळा आम्हालाच हवी आहे, पक्क्या जमिनीवर हवी आहे.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी क्लब हाउसमध्ये कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन बसतो. ज्यांना जे आठवतं ते त्यांनी येऊन सांगावं.

जय हिंद, जय महाराष्ट्र.