अमेरिकेच्या ओसरीवरून गेलेली शंभर वर्षे



१८९३ च्या सप्टेंबरात शिकागोतील डिअरबॉर्न ॲव्हेन्यूवर एक तरुण भारतीय संन्यासी थकून रस्त्याच्या कडेला बसला होता. सर्वधर्म परिषदेच्या कार्यालयाचा पत्ता हरवलेला, आणि काही दारांवरून त्याला हाकलूनही देण्यात आलेले. समोरच्या घराचे दार उघडले. श्रीमती हेल बाहेर आल्या, त्यांनी विचारपूस केली, त्याला घरात नेऊन खाऊपिऊ घातले आणि परिषदेच्या कार्यालयापर्यंत पोहोचविले. स्वामी विवेकानंदांच्या चरित्रातील हा प्रसंग सर्वपरिचित आहे. पण त्यातील घराकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ते रस्त्याला लागून होते. आतल्या बाईला बाहेर बसलेला माणूस दिसला आणि चार पावले चालून तिला त्याच्याजवळ जाता आले.

आपल्या व्याख्यानांतून अमेरिका बहुधा एका शब्दात निकालात निघते: भोगवादी. जणू एकाकीपणा त्या समाजाच्या रक्तातच आहे! शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका पाहिली, तर हा निष्कर्ष टिकत नाही. १९०० साली तेथील बहुसंख्य लोक खेड्यांत आणि लहान गावांत राहत. नागरी लोकसंख्या निम्म्यावर गेली ती १९२० च्या जनगणनेत. घरात सरासरी साडेचारांहून अधिक माणसे असत आणि वृद्ध आई-वडील बहुतांशी मुलांजवळ राहत. रविवारी चर्च, संध्याकाळी घरापुढच्या ओसरीवर शेजाऱ्यांशी गप्पा, हा नित्यक्रम होता. आपल्या आजोळच्या ओट्याशी त्याचे नाते सहज जुळावे.

मात्र या चित्राला सोनेरी चौकट बसविण्याचे कारण नाही. त्या काळी सरासरी आयुर्मान होते सुमारे ४७ वर्षे. १९१५ च्या सुमारास जन्मलेल्या हजार बालकांपैकी शंभराच्या आसपास बालके वर्षाच्या आतच दगावत. टेक्सासच्या डोंगराळ भागातील शेतकरी स्त्री १९३० च्या दशकातही विहिरीचे पाणी शेंदून घरात वाहून आणी, चुलीवर कपडे उकळी आणि रॉकेलच्या दिव्याखाली शिवणकाम करी. शहरांतील बहुतेक घरांत वीज होती, तर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात. खाजगी कंपन्यांना खेड्यांत तारा नेणे परवडत नव्हते. १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना आली, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि दोन दशकांत तो अंधार बव्हंशी सरला. सहकाराच्या महाराष्ट्राला हे विशेष वाटू नये. पण भांडवलशाहीच्या माहेरघरी खेड्यांतला दिवा सहकारानेच लागला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. यंत्राने तेथील स्त्रीच्या कंबरेवरचे ओझे उतरविले. त्याला भोगवाद म्हणणाऱ्याने एकदा पाणी शेंदून पाहावे.

खरा फेरबदल मोटारीने केला. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ साली ८५० डॉलरला मिळे. विशीच्या दशकाच्या मध्यास तिची किंमत ३०० डॉलरच्या खाली आली. त्याच सुमारास रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने इंडियाना राज्यातील मन्सी या गावाचा अभ्यास केला. तेथे त्यांना अशी कुटुंबे आढळली, की दारात मोटार आहे, पण घरात अंघोळीचा टब नाही. रविवारची चर्चमधली गर्दीही मोटारीच्या फेरफटक्यापुढे विरळ होऊ लागली होती.

तरीही मोटार ही सोय होती. तिची सक्ती झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. परतलेल्या सैनिकांना शासनाच्या हमीवर स्वस्त गृहकर्जे मिळाली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन येथे एकाच साच्याची सतरा हजारांवर घरे उभी राहिली. प्रत्येक घर सुमारे ७५० चौरस फुटांचे, पुढे हिरवळ, शेजारी तशीच कुटुंबे. कृष्णवर्णीयांना तेथे प्रवेश नव्हता. सुबत्तेच्या त्या स्वप्नाला असे कुंपण होते. १९५६ च्या कायद्याने ४१ हजार मैलांच्या महामार्गांची योजना आखली. शाळा, दुकान, दवाखाना, नोकरी सारे मोटारीच्या अंतरावर गेले. १९५० साली शंभरातील नऊ घरांत दूरचित्रवाणी होती, दहा वर्षांत ती जवळजवळ नव्वद घरांत पोहोचली. पाठोपाठ वातानुकूलन आले आणि उन्हाळ्यातही ओसरीवर बसण्याची गरज उरली नाही. घराचे तोंड रस्त्याकडून मागच्या अंगणाकडे वळले; दर्शनी भागी आता मोटारगाडीचे दार आले.

हे कोणी संस्कार बुडविण्यासाठी केले नाही. प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी शहाणपणाचेच वाटले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना निवृत्तिवेतन दिले, त्यांची लाचारी संपविली. ते स्वतंत्र राहू शकले आणि राहू लागले. स्त्रिया शिकल्या, कमावत्या झाल्या. नव्या घरांचे सरासरी क्षेत्रफळ आज दोन हजार चौरस फुटांच्या वर आहे, कुटुंब मात्र सरासरी अडीच माणसांचे. १९४० साली शंभरातील आठांहून कमी घरांत एकच माणूस राहत असे. २०२० च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे २८ झाले. रॉबर्ट पटनम यांनी दाखवून दिले, की १९८० ते १९९३ या काळात बोलिंग खेळणारे अमेरिकन वाढले, पण संघ करून खेळणारे ४० टक्क्यांनी घटले. ज्यांचे सारे कार्य नित्य एकत्र येण्यावर उभे आहे, त्यांनी हा आकडा निरखून पाहावा. २०२३ साली तेथील तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी एकाकीपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याची अधिकृत सूचना काढली. कर्नाटकातून गेलेल्या कुटुंबातील या डॉक्टरांनी ती काढावी, हा योगायोग बोलका आहे.

१९६५ च्या कायद्याने दारे उघडली आणि मराठी डॉक्टर, अभियंते याच उपनगरांत जाऊन राहिले. त्यांनी मंडळे काढली, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ उभारले, मुलांसाठी मराठी शाळा चालविल्या. घरात देव्हारा आहे, शुभंकरोती आहे. पण गणपती कोणत्याही वारी बसो, सार्वजनिक उत्सव सुटी पाहून शनिवारीच होतो. आणि सहा महिन्यांसाठी पुण्या-नागपुराहून गेलेली आई, जी येथे भल्या पहाटे पायी देवळात जाऊन भाजी घेऊन परतत असे, ती तेथे सोमवारपासून खिडकीशी बसते. मुलगा मातृभक्त आहे, सून प्रेमळ आहे. देऊळ वीस मैलांवर आहे, रस्त्याला पदपथ नाही आणि तिला मोटार चालविता येत नाही.