मिसिसिपीचे ८७ टक्के

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



निवडणुकीत हरलेल्या उमेदवाराला किती मते पडली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. तरीही १९६४ सालच्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत पराभूत झालेले बॅरी गोल्डवॉटर यांची राज्यवार मते आपण अवश्य पाहावीत.

देशभरात त्यांना ३८.५ टक्के मते मिळाली आणि लिंडन जॉन्सन प्रचंड बहुमताने निवडून आले. गोल्डवॉटर यांनी अवघी सहा राज्ये जिंकली. स्वतःच्या ॲरिझोनात ते जेमतेम ५०.५ टक्क्यांवर तरले. उरलेली पाच दक्षिणेतील: जॉर्जिया ५४, लुइझियाना ५७, साउथ कॅरोलिना ५९, अलाबामा ६९ आणि मिसिसिपी तब्बल ८७ टक्के! त्याच वर्षी जून महिन्यात त्यांनी सिनेटमध्ये नागरी हक्क विधेयकाविरुद्ध मत दिले होते.

मिसिसिपीत दर दहा माणसांत चार कृष्णवर्णीय होते. मग ८७ टक्के कसे? कारण मतदारयादीत ते जवळजवळ नव्हतेच. राज्यघटनेतील कलमाचा अर्थ सांगा, अशी परीक्षा नोंदणी अधिकारी घेई आणि उत्तर बरोबर की चूक, हेही तोच ठरवी. १९६२ साली मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर नाव नोंदविण्यास गेल्या आणि तेवढ्यासाठी काम व निवारा दोन्ही गमावून बसल्या. १९६५ च्या प्रारंभी तेथील प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी सात टक्क्यांचीही नावे यादीत नव्हती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला. १९६७ पर्यंत हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेले. १९६८ साली ह्युबर्ट हंफ्री देशात हरले, मिसिसिपीतही हरले. परंतु त्यांच्याच पक्षाच्या जॉन्सन यांना जेथे चार वर्षांपूर्वी ५२ हजार मते पडली होती, तेथे हंफ्री यांना दीड लाख पडली. त्या पराभवातही नवे मतदार उमटले होते.

बंधू-भगिनींनो, टक्केवारी केवळ पडलेली मते मोजते. दारातून परतविलेली माणसे ती मोजीत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराचा आग्रह का धरला, हे या आकड्यांवरून उमजते. आपल्यापैकी अनेकजण आता या देशाचे नागरिक आहेत. नागरिकत्वाची शपथ घेतली म्हणजे मतदारयादीत नाव आपोआप चढत नाही. ज्यांनी काम आणि घर पणाला लावून ती यादी खुली केली, त्यांचे ऋण आपल्यावरही आहे. प्रत्येक घरातील प्रत्येक प्रौढ नागरिकाचे नाव त्या यादीत असावे, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.

जय भीम!