परिषद संपल्यावर



अधिवेशनाच्या अध्यक्षाने आपल्या विद्याशाखेचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. पण समोर युरोपातल्या विद्यापीठांतून आणि प्रयोगशाळांतून आलेले मराठी संशोधक आहेत: भौतिकीवाले आहेत, संस्कृतवाले आहेत, मोटारीचं इंजिन तपासणारे आहेत आणि पेशींवर काम करणारेही आहेत. इतक्या शाखांचा आढावा एका भाषणात घेणारा माणूस अजून जन्मायचा आहे. म्हणून मी अशा कामाबद्दल बोलणार आहे जे तुमच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येतं आणि ज्याची नोंद कुठल्याही गुणवत्तायादीत होत नाही. तुमच्यात कोणी आंतरराष्ट्रीय अभ्याससंस्थेचे खजिनदार आहेत, कोणी नियतकालिकाचे संपादक, तर कोणी रविवारी दुपारी दुसऱ्याचा निबंध तपासत बसणारे परीक्षक. परिषदा भरवणं, सभासद सांभाळणं आणि छापणं, ही ती तीन कामं. त्यांच्याबद्दल बोलायला कार्ल्सरूहेहून योग्य गाव नाही.

रसायनशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद याच गावात ३, ४ आणि ५ सप्टेंबर १८६० रोजी भरली. तेव्हा रसायनशास्त्राचा कारभार कसा होता पाहा. कार्बनचा अणुभार कोणी ६ धरायचं, कोणी १२. ऑक्सिजनचा कोणी ८, कोणी १६. त्यामुळे पाण्याचं सूत्र एकाच्या वहीत एचओ, तर दुसऱ्याच्या वहीत एच-टू-ओ. आउगुस्ट केकुलेने १८६१च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक आम्लाची प्रचारात असलेली १९ सूत्रं ओळीने मांडून दाखवली. एका गावात छापलेला निबंध दुसऱ्या गावात वाचताना आधी लेखक कुठल्या पंथाचा, हे शोधावं लागे.

तिशीतल्या केकुलेच्या डोक्यात आलं की सगळ्यांना एकत्र बसवावं. तो तेव्हा बेल्जियममधल्या गेंट इथे शिकवत होता. त्याने कार्ल्सरूहेच्या पॉलिटेक्निकमधल्या कार्ल वेल्ट्सीनला गाठलं, पॅरिसच्या आदोल्फ व्युर्त्झला गाठलं, आणि नामवंतांच्या सह्यांचं निमंत्रण जुलैमध्ये निघालं. लीबिग, व्योलर यांची नावं निमंत्रणावर होती. प्रत्यक्षात दोघेही आले नाहीत. ही परंपरा आपल्याकडेही जिवंत आहे! वेल्ट्सीनने जागा मिळवली ती बाडेनच्या विधिमंडळाची. जर्मनीत खास विधिमंडळासाठी बांधलेली ती पहिली इमारत. १९४४च्या बाँबहल्ल्यात ती गेली. आज त्या जागी उभ्या असलेल्या नव्या इमारतीत शहराचं ग्रंथालय आहे.

सव्वाशेच्या वर माणसं जमली. जर्मन, फ्रेंच, इंग्रज तर होतेच, पण रशियन, इटालियन, एक पोर्तुगीज आणि एक चक्क मेक्सिकोहून आलेला. चर्चेचे प्रश्न पक्के करायला समिती नेमली गेली. अणू आणि रेणू यांत फरक करायचा का, सूत्रं कशी लिहायची, यावर तीन दिवस खल झाला. शेवटच्या दिवशी साठीचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ द्यूमा अध्यक्षस्थानी होते, आणि जेनोआहून आलेला स्तानिस्लाओ कॅनिझारो अणू आणि रेणू वेगळे मानणारी ॲव्होगाड्रोची १८११ची कल्पना पुन्हा मांडत होता. ॲव्होगाड्रो चार वर्षांपूर्वी वारला होता. शास्त्रीय प्रश्न हात वर करून सोडवायचे का, ही हरकत तिथेच निघाली, आणि कोणाला बांधून घेणारा निर्णय न होताच परिषद उठली. मतं मोजून अणुभार ठरत नाहीत, एवढं शहाणपण त्या सभेने दाखवलं.

आजच्या एखाद्या अनुदान समितीने या परिषदेचा अहवाल मागवला असता तर 'निष्पत्ती' या रकान्यात काय लिहिलं असतं? शून्य. पण कॅनिझारोचा मित्र, पावियाचा आंजेलो पावेसी, याने उठता उठता एक काम केलं. कॅनिझारोने १८५८ मध्ये इटालियनमध्ये छापलेल्या अभ्यासक्रमाच्या टिपणाच्या प्रती त्याने निघालेल्या माणसांच्या हाती ठेवल्या. तिशीतल्या लोथार मायरने ती पुस्तिका परतीच्या वाटेवर वाचली, घरी जाऊन पुन्हा वाचली आणि त्याच्या शंका फिटल्या. १८६४ मध्ये याच विषयावरचं त्याचं पुस्तक आलं. शेजारच्या हायडेलबर्गमधून आलेला सव्वीस वर्षांचा दमित्री मेंडेलीव्ह अणुभारांची नवी मोजणी मनात धरून रशियाला परतला. १८६९ मध्ये त्याची आवर्तसारणी आली. अणुभारच दोन-तीन तऱ्हांचे असते तर मूलद्रव्यं ओळीने मांडणार कशी? दरम्यान १८६८ मध्ये मायर याच कार्ल्सरूहेत, वेल्ट्सीनच्याच जागी, प्राध्यापक म्हणून रुजू झाला होता.

मला या हकिकतीतून तीन गोष्टी दिसतात.

पहिली छपाईची. व्यासपीठावर जे झालं नाही ते पुस्तिकेने केलं. आणि उलट बाजूही पाहा: व्युर्त्झने या परिषदेचा वृत्तान्त लिहिला होता, पण तो त्या वेळी प्रसिद्धच झाला नाही. सविस्तर वृत्तान्त वाचकांपुढे यायला कित्येक दशकं गेली. म्हणजे जगातले सर्वोत्तम रसायनशास्त्रज्ञ तीन दिवस काय बोलले, हे न आलेल्यांना कळण्याची सोयच नव्हती. आपली स्थिती काय? अधिवेशन झालं की स्मरणिका निघते. तीत शुभेच्छांची पत्रं, मंत्रिमहोदयांचा फोटो, जाहिराती. निबंध शोधावे लागतात, आणि निबंधानंतर कोणी काय विचारलं ते तर शोधूनही सापडत नाही. खरा विचार पुष्कळदा त्या प्रश्नोत्तरांतच झालेला असतो.

दुसरी गोष्ट कायम यंत्रणेची. १८६०ची परिषद मागे ना कचेरी ठेवून गेली, ना कार्यवाह, ना सभासदांचं पुस्तक. सेंद्रिय संयुगांच्या नावांची पद्धत ठरवायला रसायनशास्त्रज्ञ पुन्हा जिनिव्हात जमले ते १८९२ साली, आणि आज नावं व मानकं ठरवणारा आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला तो १९१९ मध्ये. परिषद म्हणजे लग्न, संस्था म्हणजे संसार. लग्नाला वऱ्हाड हौसेने येतं. संसाराचं वाणसामान कोणी आणायचं, हा प्रश्न मांडव उतरल्यावर पडतो.

तिसरी गोष्ट सभासदत्वाची, आणि तिथे मला आपल्या घरातली दोन उदाहरणं द्यायची आहेत. प्राच्यविद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद १८७४ मध्ये लंडनला भरली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचं जाणं झालं नाही, पण नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांवरचा त्यांचा निबंध गेला आणि परिषदेच्या छापील ग्रंथात समाविष्ट झाला. १८८६च्या व्हिएन्ना परिषदेला ते मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून स्वतः हजर होते. म्हणजे माणूस पोचण्याच्या बारा वर्षं आधी त्याचं काम पोचलं होतं, कारण कोणी तरी गैरहजर विद्वानाचा निबंधही तितक्याच काळजीने छापला. पुढे १९१९ मध्ये भांडारकर संस्थेने पुण्यात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरवली. तिचे अध्यक्ष होते ब्याऐंशी वर्षांचे भांडारकर. त्याच सुमारास संस्थेचं नियतकालिक सुरू झालं आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं गेलं. त्या कामाला सत्तेचाळीस वर्षं लागली. परिषद आणि छपाई एकाच छताखाली असली की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरं उदाहरण अवघड आहे. १८८५ साली ग्रंथकार सभेसाठी न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण पाठवलं. फुल्यांनी ते पत्राने नाकारलं. ज्यांना माणसाचे हक्क द्यायला तुम्ही तयार नाही, त्यांनी तुमच्या सभेत येऊन काय करायचं, असा त्यांचा रोख होता. निमंत्रण धाडलं की दार उघडलं, असं होत नाही. कार्ल्सरूहेच्या १८६०च्या परिषदेला जमलेल्यांतही पुण्या-मुंबईचं कोणी नव्हतं, आशियातलंच कोणी नव्हतं. तो काळच तसा होता, असं आपण म्हणतो. आपल्या काळाबद्दल पुढचे लोक काय म्हणतील? आपली वर्गणी सर्वांना युरोत सारखीच आहे. तीच रक्कम म्युनिकमधल्या प्राध्यापकाला एका जेवणाची, तर नांदेडच्या तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला कित्येक तासिकांच्या मानधनाची पडते. निमंत्रणपत्र उशिरा गेलं तर व्हिसाची मुलाखत परिषदेनंतरची मिळते. नियमांत कुठेही 'तुम्ही येऊ नका' असं लिहिलेलं नसताना माणूस बाहेर राहतो.

छपाईतही तेच. आता पुष्कळ नियतकालिकं वाचकाला फुकट असतात, आणि खर्च लेखकाकडून घेतला जातो. जर्मनीने मोठ्या प्रकाशकांशी 'डील' या नावाखाली देशपातळीवर करार केले आहेत: २०१९ मध्ये वायलीशी, २०२० मध्ये स्प्रिंगर नेचरशी, २०२३ मध्ये एल्सेव्हियरशी. इथल्या लेखकाचं शुल्क बहुतेक वेळा त्याची संस्था परस्पर भरते. भारताने २०२५ पासून 'एक देश, एक वर्गणी' योजना सुरू केली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये ठेवले आणि सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना खुली केली. मोठं पाऊल आहे. पण त्याचा मुख्य भाग वाचण्याचा आहे. कोल्हापूरच्या खासगी महाविद्यालयातल्या माणसाला लिहायचं असेल तर त्याच्यासाठी कोण भरणार?

दुसरा रस्ता आहे, आणि तोही या गावाला ठाऊक आहे. १९३१ मध्ये सुरू झालेली गणितातल्या निबंधांची सूची आज 'झेडबीमॅथ ओपन' या नावाने कार्ल्सरूहेच्या माहितीसंस्थेमार्फत चालते. युरोपियन गणित संस्था आणि हायडेलबर्गची विज्ञान अकादमी तिच्या भागीदार आहेत. २०२१ पासून ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. सार्वजनिक पैसा आणि अभ्यासकांची फुकटची मेहनत एकत्र आली की वाचक आणि लेखक, दोघांनाही खिशात हात घालावा लागत नाही. आपल्याकडे १९२८ पासून पुण्याहून निघणारं 'सृष्टिज्ञान' पाहा. मराठीत विज्ञानाचं मासिक इतकी वर्षं निघतं ते वर्गणीदार आणि बिनपगारी हातांच्या जोरावर.

म्हणून उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे मी चार ठराव ठेवतो आहे. अधिवेशनाचं इतिवृत्त, निबंधांनंतरच्या प्रश्नोत्तरांसह, तीन महिन्यांत छापून सर्वांना खुलं करावं. वर्गणी देशावर आणि पगारावर ठरावी. नोकरी नसलेल्या संशोधकाकडून ती घेऊ नये. निमंत्रणपत्र सहा महिने आधी जावं, आणि तरीही ज्यांना येता आलं नाही त्यांचा निबंध दुसऱ्याने वाचावा व इतिवृत्तात त्याच मानाने छापावा. आणि अंदाजपत्रकात पहिला आकडा छपाईचा लिहावा, भोजनाचा शेवटी.

या चारही ठरावांना विरोध होईल, कारण चौथ्यामुळे श्रीखंड कमी पडेल. विरोध जरूर करा, पण लेखी करा. तोही इतिवृत्तात छापू. अणुभार मतदानाने ठरत नाहीत, पण वर्गणी ठरते, आणि त्यासाठी उद्या सकाळी नऊला सभागृह भरलेलं हवं. जे ठराव मंजूर होतील त्यांसाठी प्रत्येकी दोन नावं आजच कार्यवाहांकडे द्या. नाव सुचवताना शेजाऱ्याकडे बोट दाखवायचं असेल तर आधी स्वतःचं लिहा.

 अधिवेशनाचं कामकाज सुरू झालं, असं मी जाहीर करतो.