प्राध्यापकांचे राजकारण आणि विद्यापीठाचे स्वातंत्र्य
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राध्यापकाने वर्गात शिकवावे, परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात आणि संध्याकाळी आपल्या घरी जावे. सभा, मोर्चे आणि वृत्तपत्रांतील वादविवाद यांच्याशी त्यास काय कर्तव्य आहे, असा प्रश्न आपल्या ज्ञातीतील घराघरांतून विचारला जातो. विचारणारे बहुधा वडीलधारे असतात आणि त्यांच्या मनात द्वेष नसतो, काळजी असते. मुलगा वा सून महाविद्यालयात लागली, पगार सुरू झाला, आता एखाद्या लेखापायी त्यावर पाणी पडू नये, एवढीच त्यांची इच्छा. या काळजीची आम्ही थट्टा करणार नाही. परंतु तिचा विचार इतिहासाच्या उजेडात केला पाहिजे, आणि तो इतिहास शोधण्यासाठी आपणांस पुण्याबाहेर जाण्याचेही कारण नाही.

१ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि लवकरच आगरकर त्यांस येऊन मिळाले. पुढच्याच वर्षी, १८८१ साली, याच मंडळींनी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू केली. म्हणजे सकाळी फळ्यापुढे उभे राहणारे हात रात्री अग्रलेख लिहीत होते. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर या दोघा शिक्षकांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांच्या शाळेवर त्यामुळे कलंक लागला काय? १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले. तुरुंगातून आलेले हे दोघे तेथे प्राध्यापक होते.

पुढे जे घडले ते आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. १८९० साली गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. त्यावर हरकत घेतली ती टिळकांनी. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ संस्थेस दिला पाहिजे, बाहेरची जोखीम अंगावर घेता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. संस्थेतील मतभेद जुने होते, त्यांत वेतनाचा व बाहेरच्या मिळकतीचा प्रश्न होता आणि आगरकरांशी सामाजिक सुधारणेवरून पडलेली फूटही होती. तरी अखेर टिळकांनी सविस्तर राजीनामा दिला आणि ते बाहेर पडले. ज्या पुरुषाचे नाव पुढे राजकीय चळवळीचा पर्याय बनले, त्यानेच प्राध्यापकाच्या बाहेरच्या उद्योगावर बोट ठेवावे, हा योगायोग मजेदार खराच. पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. प्राध्यापकाचा तास हा विद्यार्थ्याच्या मालकीचा असतो, आणि तो चुकवून केलेल्या देशकार्याचा हिशेब विद्यार्थ्याने मागितला तर त्यास उत्तर दिले पाहिजे.

गोखले मात्र शिकवतही राहिले आणि राजकारणही करीत राहिले. १८९७ साली इंग्लंडमध्ये असताना पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांविषयी त्यांनी तेथील पत्रांत विधाने केली. ती पुण्याहून आलेल्या पत्रांवर आधारलेली होती. पुरावा उभा करता आला नाही, तेव्हा परत आल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीने त्यांच्यावर स्वकीयांकडून केवढी टीका झाली! तथापि १८९९ साली ते मुंबई कायदेमंडळात गेले तेव्हाही ते फर्ग्युसनचे प्राध्यापकच होते. मतस्वातंत्र्य असणाऱ्यास वस्तुस्थितीची जबाबदारी टाळता येत नाही, आणि एक विधान सिद्ध झाले नाही म्हणून माणसाची खुर्ची काढून घ्यावयाची नसते, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रकरणात दिसतात.

आता १९०५ साल पाहा. ऑक्टोबर महिन्यात पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेणारे फर्ग्युसनचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांस प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. टिळकांनी 'केसरी'त 'हे आमचे गुरूच नव्हेत' या मथळ्याखाली प्रहार केला. पंधरा वर्षांपूर्वी प्राध्यापकास बाहेरचे काम नको म्हणणारे टिळक आता प्राध्यापक लोकांच्या भावनेपासून दूर राहतो म्हणून रागावले होते! विसंगती दाखवून त्यांस कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. संस्था उभारताना जी शिस्त हवीशी वाटते तीच परकीय सत्तेच्या छायेखाली कशी बोचू लागते, हे त्यांनी अनुभवले इतकेच. १९०७ साली हिंदुस्थान सरकारचे गृहखात्याचे सचिव रिस्ले यांचे परिपत्रक निघाले. विद्यार्थी व शिक्षक यांस राजकीय चळवळीपासून दूर ठेवावे, न ठेवल्यास अनुदान व संलग्नता यांस धोका, असा त्याचा रोख होता. शांततेच्या नावाने काढलेला हुकूम कोणाच्या सोयीचा असतो, हे त्या परिपत्रकाने उघड केले.

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण तर आपण सर्वांनी मनन करावे असे आहे. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेथे त्यांचे गुरू जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन. १९१५ साली अमेरिकेतील विद्यापीठीय प्राध्यापकांनी आपली संघटना स्थापली. तिचे पहिले अध्यक्ष ड्यूई आणि विद्यास्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख सेलिग्मन. संशोधनाचे स्वातंत्र्य, वर्गात शिकविण्याचे स्वातंत्र्य आणि विद्यापीठाबाहेर नागरिक म्हणून बोलण्याचे स्वातंत्र्य असे तीन भाग त्या जाहीरनाम्याने केले. दोन वर्षांनी त्याच कोलंबियाने सक्तीच्या लष्करभरतीस विरोध करणाऱ्या कॅटेल या प्राध्यापकास काढून टाकले आणि त्या निषेधार्थ इतिहासकार चार्ल्स बिअर्ड राजीनामा देऊन गेले. जाहीरनामा लिहिणे सोपे, तो पाळणे कठीण, असे त्यावरून म्हणावे लागते.

अशा विद्यापीठातून आलेले आंबेडकर १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१९ साली त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्य वर्गाच्या मताधिकाराविषयी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. परंतु सरकारी कॉलेजातील नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव पत्रावर नव्हते, पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. आणि ज्या प्राध्यापकाची व्याख्याने ऐकावयास अन्य कॉलेजांतील विद्यार्थीही येत, त्याने अध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यास स्पर्श करू नये म्हणून सहकाऱ्यांपैकी काहींनी हरकत घेतली होती! बंधुभगिनींनो, सरकारी नियम त्यांचे नाव झाकीत होता, पण पाण्याचे भांडे सरकारने बाजूला ठेवले नव्हते. ते सुशिक्षितांच्या जातिभेदाने ठेवले होते. पुढे १९३५ ते १९३८ या काळात मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांजकडे होते आणि त्याच काळात, १९३६ साली, त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्यामुळे महाविद्यालयाची विद्या आटल्याचे कोणी सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

स्वतंत्र भारताच्या घटनेने तर शिक्षकास राजकारणाबाहेर ठेवलेच नाही. विधान परिषदेच्या एकबारांश जागा शिक्षकांनी निवडून द्यावयाच्या अशी १७१ व्या अनुच्छेदात तरतूद आहे; महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा सात जागा आहेत. सरकारी महाविद्यालयातील अध्यापकांवर वर्तणूक नियमांची बंधने आहेत, हे खरे. पण सर्वच प्राध्यापक सरकारी नोकर नव्हेत.

मग मर्यादा कोठे? आमच्या मते ती वर्गाच्या दाराशी आहे. वर्गात विद्यार्थी हजेरीने बांधलेला असतो, त्याचे गुण प्राध्यापकाच्या हाती असतात. तेथे आपल्या पक्षाचा प्रचार करणे म्हणजे बांधलेल्या श्रोत्यांपुढे कीर्तन करणे होय. वादग्रस्त विषय तेथे अवश्य शिकवावा, पण प्रतिपक्षाचे म्हणणे त्यास मान्य होईल अशा रीतीने मांडून. विरोधी मताच्या विद्यार्थ्याचा अर्धा गुणही त्या कारणाने कापला जाता कामा नये. दाराबाहेर मात्र तो नागरिक आहे.

या स्वातंत्र्यास आज सरकारइतकाच देणगीदारांचा व संस्थाचालकांचाही धाक आहे. मार्च २०२१ मध्ये सोनीपतच्या अशोका विद्यापीठातून प्रतापभानू मेहता बाहेर पडले, तेव्हा आपला संबंध संस्थेस राजकीय ओझे वाटतो असे संस्थापकांच्या भेटीत स्पष्ट झाल्याचे त्यांनी राजीनाम्यात नमूद केले; पाठोपाठ अरविंद सुब्रमणियन यांनीही राजीनामा दिला. ही नामांकित मंडळी, त्यांस अन्यत्र स्थान आहे. आपल्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण अध्यापकांचे काय? पुढच्या सत्रात तास मिळतील की नाही हे ज्याच्या मर्जीवर, त्याच्याविरुद्ध ते कोणत्या तोंडाने बोलणार? स्वातंत्र्याची चर्चा करताना नेमणुकीच्या कायमपणाची चर्चा टाळणे आम्हांस दांभिकपणाचे वाटते.

आता आपल्या घरचे. १८९३ साली फर्ग्युसनचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांचे अध्यापन चालूच राहिले. बहिष्कार घातला तो त्यांच्या मुरूड गावच्या स्वजनांनी. २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे, पण कुजबूज अजून गुन्हा नाही. गेल्या वर्षी आपल्या एका प्राध्यापक सभासदांनी ज्ञातींच्या संघटनांवर टीका करणारा लेख लिहिला, तेव्हा त्यांच्या कन्येचे नाव वधूवर सूचीत घेऊ नये, अशी तोंडी सूचना काहींनी केली होती. चिटणीसांनी ती ऐकून सोडून दिली, हे त्यांस भूषणावह आहे. लेख आम्ही वाचला आहे. त्यातील निम्म्याहून अधिक मजकूर आम्हांस मान्य नाही, आणि त्यास उत्तर याच स्मरणिकेच्या पुढील अंकात आम्ही देणार आहोत.

शिष्यवृत्तीनिधीच्या आवेदनपत्रात, अध्यापनाचा पेशा पत्करू इच्छिणाऱ्याने 'कोणत्याही राजकीय चळवळीत भाग घेणार नाही' असे लिहून द्यावे, असे सातवे कलम आहे. ते कोणी व केव्हा घातले याची नोंद दप्तरात सापडत नाही. भाषा मात्र रिस्लेसाहेबांच्या परिपत्रकाशी नाते सांगते. ते कलम गाळावे आणि त्याच्या जागी दुसरे काहीही घालू नये, असा ठराव आम्ही व अन्य अकरा सभासद यांनी सह्यांनिशी कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत तो मतास येईल. ज्यांचा त्यास विरोध असेल त्यांनी सभेस अवश्य यावे व आपले म्हणणे मांडावे.