बांधणाऱ्यांचे हसू



स्मृतिव्याख्यानासाठी मी एका विनोदी चित्रपटाचा विषय घेतला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या शिक्षकांचे आज आपण स्मरण करीत आहोत त्यांनी जन्मभर भाषा शिकविली, आणि श्रमणाऱ्या माणसाचे बोलणे व हसणे हा भाषेचाच एक दुर्लक्षित प्रांत आहे. त्या प्रांतात थोडा वेळ फिरून यावे, एवढाच माझा हेतू आहे.

उज्जयिनीत राहणाऱ्याला बांधकाम नवे नाही. महाकालाच्या देवळाची आजची वास्तू आपण पाहतो ती अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभी करविली. त्यांचे नाव इतिहासाने जपले, ते योग्यच झाले. पण दगड घडविणारे, चुना मळणारे, परांचीवर चढणारे हात कोणाचे होते, ते आपणांस ठाऊक नाही. 2022 मध्ये महाकाल लोकाचे लोकार्पण झाले. 2028 च्या सिंहस्थासाठीही रस्ते, पूल आणि घाट यांची कामे काढण्यात आली. अशा कामांवर झाबुआ-अलिराजपूरकडची माणसे मुलाबाळांसह येतात, काम संपले की निघून जातात. इकडे माळव्यात घमेल्याला तगारी म्हणतात, आणि ती डोक्यावर वाहणाऱ्या बाईला रेजा. एवढ्या दोन शब्दांपलीकडे आपला त्यांच्याशी परिचय जात नाही.

या परिचयापुरते तरी आपल्या चित्रपटांनी काय केले? 1977 साली भीमसेन यांचा ‘घरौंदा’ आला. अमोल पालेकर, झरीना वहाब आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या भूमिकांमुळे तो आपल्याला जवळचा वाटतो. मुंबईत स्वतःचे घर व्हावे म्हणून धडपडणाऱ्या आणि बिल्डरकडून नाडल्या गेलेल्या तरुण जोडप्याची ती कथा आहे. म्हणजे घर बांधणाऱ्याची नव्हे, घर घेऊ पाहणाऱ्याची. 1983 साली कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ आला. त्यातील बिल्डर, महापालिकेचे आयुक्त आणि वृत्तपत्राची संपादिका हे सारे एकाच माळेचे मणी. संपादिकेच्या भूमिकेत ‘ती फुलराणी’च्या भक्ती बर्वे होत्या, याचा मराठी प्रेक्षकाला विशेष आनंद. पूल कोसळतो आणि त्याचे खापर दोन निष्पाप छायाचित्रकारांच्या माथी फुटते. चित्रपट अव्वल दर्जाचा आहे, यात शंका नाही. पण त्याच्या मध्यवर्ती पात्रांत एकही मजूर नाही. वाळू जास्त आणि सिमेंट कमी, ही चोरी ज्याच्या डोळ्यांदेखत आणि ज्याच्याच फावड्याने झाली असेल, त्याला बोलण्याची संधी मिळालेली नाही.

ती संधी मला एका परक्या चित्रपटात दिसली. केन लोच या इंग्रज दिग्दर्शकाचा ‘रिफ-रॅफ’ हा चित्रपट 1991 मधला. नावाचा अर्थ ‘सटरफटर माणसे’ असा करता येईल. लंडनमधील एका बंद पडलेल्या रुग्णालयाचे श्रीमंतांसाठी सदनिकांत रूपांतर चालले आहे. तुरुंगातून नुकताच सुटलेला ग्लासगोचा स्टीव्ही तेथे कामाला लागतो. त्याला स्वतःला राहायला जागा नाही. सोबतचे कामगार एका रिकाम्या घराचे कुलूप तोडून त्याची सोय लावतात. आलिशान सदनिका रचणारा माणूस रात्री दुसऱ्याच्या घरात चोरून झोपतो. यावर चित्रपट कुठेही भाष्य करीत नाही. भाष्याची गरजच उरत नाही.

पटकथाकार बिल जेसी यांनी स्वतः बांधकामावर मजुरी केली होती. चित्रपट लोकांसमोर येण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. लोच यांनी नटही बांधकामाचा अनुभव असलेले निवडले. स्टीव्ही झालेले रॉबर्ट कार्लाइल पूर्वी रंगकाम करीत. लॅरीची भूमिका करणारे रिकी टॉमलिन्सन तर गिलावा करणारे कारागीर. 1972 मध्ये ब्रिटनमधील बांधकाम कामगारांचा देशव्यापी संप झाला. त्या वेळच्या निदर्शनांबद्दल श्रूजबरी येथे खटला चालून 1973 साली टॉमलिन्सन यांना तुरुंगवास झाला. ती शिक्षा अन्यायाची होती, हे अपील न्यायालयाने मान्य करावयास 2021 साल उजाडावे लागले. पडद्यावरचा लॅरी सुरक्षिततेची मागणी करतो आणि कामावरून काढला जातो, तेव्हा त्या नटाच्या आवाजात अनुभवाचा खडा लागतो तो यामुळे.

आणि तरीही हा चित्रपट हसवतो, अगदी पोट धरून हसवतो. मालमसाला पूर्ण बसविलेल्या नमुन्याच्या सदनिकेत लॅरी खुशाल स्नान करीत असतो आणि नेमक्या त्याच वेळी घर पाहायला आलेल्या स्त्रिया आत येतात. प्रसंग प्रहसनाचा आहे. पण ज्याने ते न्हाणीघर सजविले त्याला तेथे एकदा अंग धुण्याचाही हक्क नाही, हे त्या हसण्याबरोबरच उमगते. हे हसू वरून खाली पाहणाऱ्याचे नाही. ते मजुरांचे स्वतःचे आहे: मुकादमाची नक्कल करणारे, भीती झटकणारे, एकमेकांना धरून ठेवणारे. माझ्या मते ‘जाने भी दो यारो’ आणि ‘रिफ-रॅफ’ यांतील खरा भेद येथे आहे. पहिल्यात आपण सत्तेला हसतो; दुसऱ्यात सत्तेखाली दबलेला माणूस स्वतः हसतो.

असे हसू मराठीला मात्र परके नाही. अण्णाभाऊ साठे वाटेगावाहून मुंबईला आले, पडेल ती कामे केली. 1944 साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशातील सोंगाड्याचा विनोद त्यांनी कामगाराच्या हाती दिला. तो धागा आपल्या चित्रपटाने पुढे नेला असता, तर आपल्यालाही आपला ‘रिफ-रॅफ’ मिळाला असता.

या विनोदाला चित्रपट विजय मात्र देत नाही. परांची धड बांधलेली नसते. त्यावरून एक तरुण कामगार कोसळतो. शेवटी स्टीव्ही आणि त्याचा एक सोबती ती इमारत पेटवून देतात. आगीचे समर्थन मी करणार नाही. परंतु लॅरीने सरळ शब्दांत मागितलेली सुरक्षितता मिळाली असती तर ती काडी ओढली गेली नसती, एवढे मात्र खात्रीने म्हणता येईल.

आणखी एक तपशील. त्या कामावरचे मजूर खोटी नावे सांगतात, आणि मालकालाही खऱ्या नावांशी कर्तव्य नसते. आपल्याकडे 1996 साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला; कल्याणनिधीसाठी उपकराची तरतूद झाली. लाभार्थी म्हणून नोंद होण्यास वर्षात किमान 90 दिवस काम केलेले असावे, अशी अट होती. पण आज या कामावर, उद्या त्या कामावर असणाऱ्या रेजाने ते 90 दिवस कोणाच्या सहीने सिद्ध करावेत? हजेरीपटावर तिचे नाव नसेल, तर निधी असूनही तिच्यापुरता तो नसल्यासारखाच.

या शाळेचे विद्यार्थी पुढे अभियंते, वास्तुरचनाकार, कंत्राटदार आणि अधिकारी होतात. कोनशिलेवर आपले नाव कोरले जावे असे वाटण्यात गैर काही नाही. मात्र हजेरीपटावर प्रत्येकाचे खरे नाव आहे ना, परांची पक्की आहे ना, आणि वाळूच्या ढिगाशी खेळणारी मुले शाळेत जातात ना, हे विचारण्याचा अधिकार त्याच हातांत असतो. तो अधिकार वापरणे हेच मी आजच्या स्मरणाचे सार मानतो.