दोन कप पाण्याची आगगाडी

येळवस झाली, ज्वारी निसवली, आणि पहाटेची थंडी अशी की धार काढायला बसायचं तर आधी चुलीपुढं हात शेकून घ्यावे लागतात. अशा थंडीत मी तुम्हाला आगगाडीची गोष्ट सांगणार आहे. आगगाडी केवढी, तर आपल्या पाट्यावरच्या वरवंट्याहून थोडी लांब. पण खेळण्यातली चावीची नव्हे. खऱ्या विस्तवावर, खऱ्या पाण्याच्या खऱ्या वाफेवर पळणारी.

तुम्ही म्हणाल, परंड्यात किल्ला आहे, तोफा आहेत, पण रूळ कुठं आहे? गाडी धरायची तर कुर्डुवाडी नाहीतर बार्शी गाठावी लागते. खरं आहे. तरी वाफेच्या छोट्या गाडीशी आपल्या भागाचं नातं जुनं आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी गाडी सुरू केली. कुर्डुवाडी स्टेशनला तेव्हा बार्शी रोड म्हणत. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, मोठ्या गाडीचं असतं साडेपाच फूट. कॅलथ्रॉपचा हिशेब साधा होता. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, मग इंजिन असो की डबा. भार सगळीकडं सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळ चालतात. बैलगाडीत पोती भरताना धुरेवर किती आणि मागं किती हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. इंजिनं लीड्स गावच्या किटसन कारखान्यातून आली. पुढं ही गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ साली ती सरकारनं घेतली. रूळ रुंद होत होत २००८ पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी ही छोटी वाट संपली. जाता जाता सांगते, याच कॅलथ्रॉपनं उतारवयात विमानातून उडी मारायची छत्रीही बनवली. माणूस जिवाला जपणारा असावा.

आता ती वरवंट्याएवढी गाडी. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, मुलांची सहल गेली तर जरूर दाखवा. पण तिथलं छोटं शहर आणि त्यातल्या गाड्या छपराखाली, विजेवर चालतात. मी सांगतेय ती वाफेची गाडी इंग्लंडात, युरोपात लोक घरच्या बागेत चालवतात. रुळांमधलं अंतर पंचेचाळीस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन बोटं. याहून मोठ्याही असतात, पाच इंची, सव्वासात इंची. त्यांच्यावर माणसं बसून फिरतात आणि त्यांत कोळसा घालतात. बागेतली छोटी गाडी बहुतेक गॅसवर चालते. आपल्या बार्शी लाइटच्या जातीची अरुंद रुळांची इंजिनं या हौशी लोकांना फार आवडतात. आणि त्यांची ऐन हौस कधी, तर कडाक्याच्या थंडीत. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी तिकडचे कितीतरी क्लब मुद्दाम गाड्या बाहेर काढतात.

थंडीतच का? त्याचं उत्तर तुमच्या चुलीवर आहे. आधण उकळायला लागलं की चहाच्या किटलीच्या तोटीकडं नीट बघा. तोटीला लागून बोटभर जागा मोकळी दिसते, पांढरं सुरू होतं ते पुढं. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपण जिला वाफ म्हणतो ते तिचे गार होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. हवा जितकी गार, तितके थेंब जास्त आणि ते टिकतात जास्त वेळ. म्हणून उन्हाळ्यात इंजिन चाललं तर वर नुसती हवा हलल्यासारखी दिसते, आणि हिवाळ्यात तेच इंजिन पांढरा शुभ्र पिसारा काढत जातं. पहाटे बोलताना आपल्या तोंडातून निघतं, तसंच.

पण थंडी जशी शोभा देते तशी परीक्षाही घेते. इंजिनात एक नळकांडं असतं, त्यात दट्ट्या. वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या चाक फिरवतो. सकाळी नळकांडं बर्फासारखं गार असतं, त्यामुळं पहिली वाफ आत शिरली की तिचं तिथंच पाणी होतं. वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि दट्ट्या अडतो. म्हणून हौशी माणूस गाडी सोडून देण्याआधी हातानं चार वेळा पुढंमागं करतो. धुराड्यातून गरम पाणी आणि तेल थुंकल्यासारखं उडतं, तेव्हा तोंड तिथं न्यायचं नाही. मोठ्या इंजिनाला हे पाणी काढायला खाली तोट्या असत. स्टेशनातून निघताना इंजिन दोन्ही बाजूंनी फुसफुसत निघायचं, ते हेच. तेलाचंही तसंच. आपलं खोबरेल पौषात बाटलीत थिजतं, तसं इंजिनाचं जाड तेल घट्ट होतं, मग ते बाटलीसकट कोमट पाण्यात ठेवतात. आणि खेळ संपला की बॉयलर रिकामा करतात, कारण पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे नऊ टक्के फुगतो आणि तांब्याची नळी फोडतो. आपल्याकडं तेवढी थंडी नाही; पण फ्रिजच्या वरच्या कप्प्यात भरलेली काचेची बाटली विसरलेली कुणीतरी तुमच्यात असेलच.

कोळशाच्या इंजिनातली एक युक्ती मला फार आवडते. काम करून दमलेली वाफ धुराड्यातून वर सोडतात. ती जोरात जाताना भट्टीतला धूर सोबत ओढून नेते, खालून ताजी हवा शिरते, आणि निखारे फुलतात. चढ आला, इंजिन जास्त झटलं, की फुंक आपोआप जास्त. आपल्याला फुंकणी घेऊन डोळे लाल करावे लागतात, इंजिन स्वतःची फुंकणी स्वतः चालवतं. झुकझुक आवाज तो त्या फुंकणीचाच.

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला घेतलं तिकडं येते. या बागेतल्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाणी मावतं साधारण दोन कप चहाएवढं. गॅसची टाकी त्याहून कितीतरी छोटी, काही मोठे चमचे. ही टाकी मापून बनवलेली असते. गॅस आधी संपला पाहिजे, पाणी नंतर. विस्तव विझेल तेव्हा बॉयलरमध्ये थोडं तरी पाणी उरलंच पाहिजे. चालवणारा गप्पांत रमला, चहा प्यायला गेला, तरी बॉयलर कोरडा तापणार नाही. दाब असतो कुकरच्या तिपटीच्या आसपास, म्हणून ही काळजी.

आता स्वयंपाकघरात या. आपला सिलिंडर चौदा किलो दोनशे ग्रॅमचा. कुकरात पाणी दोन-तीन पेले. इथं हिशेब बरोबर उलटा आहे. गॅस आधी संपणारच नाही. संपणार ते पाणी. मधे उभी फक्त आपण, आणि आपण त्या वेळी अंगणात धुणं वाळत घालत असतो. एक पेला पाण्याची मोकळी वाफ साधारण सोळाशे पेले होते, एवढं लक्षात ठेवलं तरी कुकरकडं बघायची नजर बदलते.

जुन्या इंजिनाच्या भट्टीच्या छतात एक पितळी डाट असे, तिच्या पोटात शिसं. पाणी उतरून छत उघडं पडलं की शिसं वितळायचं, वाफ भट्टीत घुसून विस्तवाला मारायची आणि ड्रायव्हर सावध व्हायचा. तुमच्या कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी जो छोटा गोल सेफ्टी वाल्व असतो तो या डाटेचा नातू. तो उडाला म्हणजे कुकर बिघडला असं नाही, त्यानं आपलं काम केलं. पण मग गावातला कारागीर तिथं रिबिट ठोकून देतो, किंवा कुणी नाणं बसवून डाग देऊन घेतं, दहावीस रुपये वाचतात. मैत्रिणींनो, हे करू नका आणि शेजारणीला करू देऊ नका. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा वाल्व आणा. डाळ शिजवताना कुकर निम्म्याच्या वर भरू नका, कारण फेस वर येऊन शिट्टीची नळी बुजवतो. ती नळी उजेडाकडं धरून आरपार दिसते का ते रोज बघा. दोन क्षणांचं काम आहे. आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर कुकरात साठू देऊ नका. हौशी माणसं आपल्या इंजिनात पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफेचं गार केलेलं पाणी घालतात ते याच क्षाराच्या भीतीनं. आपल्याला ते परवडायचं नाही, चिंचेचा कोळ लावून घासलं तरी पुरे.

थंडीतला दुसरा विषय गॅसचा. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण, दाबून पातळ केलेलं. जाळण्याआधी त्याची आतल्या आत वाफ व्हावी लागते. ब्युटेन शून्याच्या जवळपास आलं की वाफ होणं सोडतं, प्रोपेन मात्र उणे बेचाळीसपर्यंत दम धरतं. म्हणून तिकडचे लोक हिवाळ्यात प्रोपेन जास्त असलेला गॅस भरतात. आपल्याकडं पारा दहा-बाराच्या खाली क्वचित जातो, पण वाफ होताना गॅस सिलिंडरचीच ऊब खातो. त्यामुळं शाळेची खिचडी किंवा गटाचा चिवडा मोठ्या शेगडीवर करताना सकाळी सिलिंडरवर घाम येतो, कधी पांढरं हिव धरतं, आणि जाळ बसतो. गॅस संपला असं वाटतं, हलवून बघावं तर आत डुचमळतंय.

मग सुरू होतात उपाय. सिलिंडर आडवा करायचा. उकळतं पाणी ओतायचं. चुलीजवळ सरकवायचा. तिन्ही जिवावरचे. आडवा केला की वाफेऐवजी पातळ गॅसच नळीत शिरतो आणि शेगडीवर भडका उठतो. बागेतला माणूस आपली छोटी टाकी हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात ठेवतो हे खरं, पण त्या टाकीत काही चमचे गॅस असतो, आणि तो माणूस ती टाकी तेवढ्यासाठीच बनवलेली आहे हे जाणून असतो. आपल्या सिलिंडरला ते लावायचं नाही. आपण काय करायचं? सिलिंडर रात्री उघड्यावर, ओल्या फरशीवर ठेवू नये. उभा ठेवावा. जाळ थोडा कमी करून काम दोन भांड्यांत वाटून घ्यावं. गटाचं रोजचं मोठं काम असेल तर वितरकाला सांगून दोन सिलिंडर एकत्र जोडून घ्यावेत, म्हणजे प्रत्येकावर ओढ निम्मी येते. कॅलथ्रॉपनं आसांवर भार वाटला तसंच हे. जोडणी मात्र त्यांच्याच माणसाकडून. आणि वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन. हा गॅस हवेहून जड असतो, जमिनीलगत साठतो, म्हणून वरच्या खिडकीपेक्षा दार उघडणं महत्त्वाचं.

गटाच्या पुढच्या बैठकीला एक करा. प्रत्येकीनं आपल्या कुकरचं झाकण घेऊन या, शिट्टी आणि रिंगसकट. सगळी झाकणं सतरंजीवर मांडा आणि एकमेकींची तपासा. नळी मोकळी आहे का, रिंग कडक झालीय का, वाल्व मूळचा आहे की ठोकलेला. ज्यांचे ठोकलेले निघतील त्यांची यादी करून बार्शीला जाणाऱ्या एकीकडं कंपनीचं नाव, कुकरचं माप आणि पैसे देऊन टाका.