चेटकीण नाटकातच बरी

मुलांना 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण फार आवडते. हे बालनाट्य रत्नाकर मतकरींचं. त्यातली चेटकीण पुरुष नटांनी रंगवली, आधी दिलीप प्रभावळकरांनी, पुढे वैभव मांगले यांनी. तिचा डाव फसतो आणि पोरं खदखदून हसतात.

याच मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या. 'खेकडा' हा संग्रह रात्री एकटीनं वाचून बघा. तिथं हसू येत नाही. साध्या घरातली, ओळखीची माणसं असतात आणि भीती हळूहळू चढत जाते. लेखक एकच, पण लेकरांसाठी जादूचा सूर वेगळा, मोठ्यांसाठी वेगळा. दोन्हीकडे आपल्याला ठाऊक असतं, की ही गोष्ट आहे.

गावात मात्र हे विसरलं जातं. २०२१ साली आपल्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दमध्ये जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना, बायांना बांधून मारलं. कुणाचं लेकरू आजारी पडतं आणि बोट एखाद्या एकट्या बाईकडे जातं. उद्या ती बाई आपल्याच गटातली असू शकते.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुणी करणी करतं असं भासवून त्याला छळणं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. म्हणून लेकरू आजारी पडलं तर आशाताईला बोलवा, दवाखान्यात न्या. कुणाच्या नावाची कुजबुज कानावर आली तर त्याच दिवशी गटात बोला, पोलीस पाटलाला सांगा, ११२ ला फोन लावा. आणि लेकरांना चेटकिणीची गोष्ट जरूर सांगा, हसत हसत.